आजीचं पाच-तीन-दोन, आणि घरात माणसं नऊ

हुतात्मा_खिडकीजवळची
९ मे, दुपारी ३:१०

मंडळी, अडचण घरगुती आहे, हसलात तरी चालेल.

सुट्टीला आम्ही सगळे सोलापुरात आजीकडे जमलोय. साखर पेठेतलं जुनं घर, लहानमोठी धरून नऊ डोकी. बारा ते पाच बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, पारा रोज ४० च्या वर. मग मधल्या खोलीत चादर अंथरायची आणि पत्ते काढायचे, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे.

आजी ८१ वर्षांची आणि पट्टीची खेळाडू, पण खेळते फक्त पाच-तीन-दोन. बदाम सात 'पोरासोरांचं', रमी 'क्लबातली', झब्बू 'नुसता आरडाओरडा'. मेंढीकोट ती झकास खेळायची, पण तिथे भिडू लागतो आणि तिचे भिडू म्हणजे आजोबा. ते गेल्यापासून मेंढीकोटाचं नाव काढलं की "नको गं, दुसऱ्याच्या खुणा मला कळत नाहीत" म्हणते. (खुणा! म्हणजे ४० वर्षं दोघं खाणाखुणा करून जिंकत होते, हे आत्ता उघडकीला आलं.)

तर तिघं खेळतात आणि सहा जण बघतात. बघणारे सल्ले देतात, सल्ल्यावरून भांडणं होतात, पोरं मोबाईलकडे वळतात. पाच-तीन-दोन चार-पाच जणांत खेळायची काही युक्ती कुणी काढली आहे का? खेळ आजीला ओळखीचा वाटला पाहिजे, नाहीतर ती पानं टाकून झोपायला जाईल.

आणखी एक, कॅटमध्ये ५१ पानं आहेत. चौकट पंजी कधीची हरवली आहे. पाच-तीन-दोनला ती लागतच नाही, म्हणून कुणाचं अडलं नाही.

---

सातरस्ता
९ मे, दुपारी ३:४२

आधी नियम सांगा. प्रत्येक घराचं पाच-तीन-दोन वेगळं असतंय.

---

हुतात्मा_खिडकीजवळची
९ मे, दुपारी ४:०५

बरोबर. आमचं असं: ३० पानं, अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंग, शिवाय इस्पिक आणि बदाम सत्ती. प्रत्येकाला दहा. वाटणाऱ्याचे हात दोन, त्याच्या उजवीकडच्याचे पाच, उरलेल्याचे तीन. आधी पाच-पाच पानं वाटायची, पाचवाला ती बघून हुकूम बोलतो, मग उरलेली पाच-पाच. ज्याचे हात जास्त झाले तो पुढच्या डावात कमी पडलेल्याच्या हातातलं एकेक पान न बघता ओढतो आणि आपल्याकडचं नको ते पान परत देतो. डाव संपला की वाटप उजवीकडे सरकतं.

---

कडक_भाकरी
९ मे, सायं. ५:२०

खेळ का बिघडवायला निघालाव? तिघांचा खेळ तिघांनी खेळावा. हरला तो उठला, त्याच्या जागी पुढचा बसला. आमच्याकडे असंच होतं. बसायला मिळावं म्हणून माणूस नीट खेळायचा.

---

किलवर_दुर्री
९ मे, सायं. ५:३१

@कडक_भाकरी, नऊ जणांत हरणारा उठला तर परत बसायला संध्याकाळ उजाडेल. आणि आजी हरली तर तिला उठवणार कोण? तुम्ही?

---

पूर्वभाग
९ मे, रात्री ९:१५

आमच्या गल्लीत तेलुगू घरं पेकाट म्हणतात, पलीकडे कन्नड घरं इस्पीट म्हणतात, आणि आम्ही पत्ते. लहानपणी या तिघांची पोरं एका ओट्यावर बसायची आणि प्रत्येक डावाआधी अर्धा तास नियमांवरून वाद. हुकूम पाच पानांवर की सगळी बघून? हुकूम असला की मारलाच पाहिजे का? ओढलेल्या पानाच्या बदल्यात त्याच रंगाचं पान द्यायचं का? वाद मिटला नाही तर ज्याचा कॅट त्याचा नियम. सांगायचा मुद्दा, मूळ म्हणतात तो खेळसुद्धा कुठल्यातरी ओट्यावर भांडूनच ठरलेला आहे.

आता कामाचं. पाच-तीन-दोनचा जीव कशात आहे ते बघा. पाच आणि तीन आणि दोन म्हणजे दहा, आणि हातात पानं दहा. बेरीज जुळते, म्हणून एकाचा हात जास्त झाला की दुसऱ्याचा कमी पडतोच. ओढाओढीची मजा त्यातून येते. भिडू वाढवा, पण बेरीज सोडू नका. चौघांना पंजीपासून वर ४० पानं घ्या, प्रत्येकाला दहा. हात चार-तीन-दोन-एक. बेरीज? दहा!

---

हुतात्मा_खिडकीजवळची
९ मे, रात्री ९:२२

अय्या! हे कसं सुचलं नाही आम्हाला! पण ४० पानांत पंजी लागते. चौकट पंजी. :(

---

सातरस्ता
९ मे, रात्री ९:४०

जोकर घ्या तिच्या जागी.

---

हुतात्मा_खिडकीजवळची
९ मे, रात्री ९:४४

जोकर त्याच्याही आधी हरवलेत.

---

बाळीवेशीची_सून
९ मे, रात्री १०:३०

लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं पान कापा आणि त्यावर पाच चौकटी काढा. आमच्या सासूबाईंना मोतीबिंदूमुळे नव्वी आणि दश्शी सारखीच दिसायची, तेव्हा आम्ही सगळा कॅटच असा केला होता. बोटभर उंच आकडे, काळे रंग काळ्या स्केचपेनने, लाल लाल. ५२ पानांना दोन लग्नांच्या उरलेल्या पत्रिका पुरल्या. मागे गणपती छापलेला असल्यामुळे पान पायाशी पडलं की सासूबाई आधी नमस्कार करायच्या, मग उतारी. डाव लांबायचा, पण त्यांना दिसायचं.

मात्र एकच पान वेगळं केलंत तर ते मागून ओळखू येणार. सगळ्यांना कळेल पंजी कुणाकडे आहे.

---

हुतात्मा_खिडकीजवळची
१० मे, सायं. ६:५०

आजचा अहवाल.

कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची पंजी केली. बाळीवेशीची_सून म्हणाल्या तेच झालं, भाच्याने (वय ९) पहिल्याच डावात "पंजी मावशीकडे आहे" जाहीर केलं. दुसऱ्या डावात ती दादाकडे होती, तर दादा ती खालच्या बाजूला बोटांनी झाकून बसला आणि बाकीची पानं सगळ्यांना दिसली.

पण चार-तीन-दोन-एक चाललं! आजीला फार समजावावं लागलं नाही. "चार तर चार" एवढंच म्हणाली आणि हुकूम बोलली. एकवाल्याची मात्र चंगळ होते. एक एक्का असला की त्याचं काम झालं, वर दोन-तीन हात फुकटचे, मग पुढच्या डावात तो ओढतच सुटतो. पण पाळी फिरत असल्यामुळे चार डावांत प्रत्येकाला एकदा ती चैन मिळते, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

अडचण नवीनच. चौघं खेळायला लागले तशी आत्या म्हणाली, "मग मी काय पाप केलंय?"

---

पूर्वभाग
१० मे, रात्री ८:०२

पाच जणांना दहा-दहा म्हणजे ५० पानं. ५२ मधून दोन काढायची. तुमच्याकडे ५१ आहेत, म्हणजे एकच काढायचं! चौकट पंजी देवानेच काढून ठेवली आहे, तुम्ही किलवर दुर्री काढा. किलवर आणि चौकट बारा-बारा, इस्पिक आणि बदाम तेरा-तेरा. तुमच्या ३० पानांतही दोन रंग सात-सात आणि इस्पिक-बदाम आठ-आठ आहेत ना, तोच घाट.

हातांची बेरीज मात्र बसेना. तीन-तीन-दोन-एक-एक केलं तर दहा होतात, पण त्यात मजा नाही. दोघांचा कोटा सारखा झाला की हेवा संपतो.

---

किलवर_दुर्री
१० मे, रात्री ८:१०

माझीच काढा बाहेर. सवय आहे.

---

शेंगाचटणी_परदेशात
१० मे, रात्री ११:५५

वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. आमच्या घरी पैसे लावून खेळायला बंदी होती, म्हणून शेंगा लावायचे. हात कमी पडला की तेवढ्या शेंगा मधल्या ताटलीत. खेळ संपेपर्यंत ताटलीत टरफलं. मग चिंचोके आले. चिंचोके कुणी खात नाही असा वडिलांचा समज होता, पण धाकटा भाऊ भाजून खायचा.

धाग्याच्या विषयाला धरून म्हणजे, इथे परदेशात आम्ही तिघंच आहोत आणि तिघांनाही पाच-तीन-दोन येतं, पण दुपारची वेळ कुणाकडे नाही.

---

वाडीचा_गंजिफा
११ मे, सकाळी ७:२०

मी सोलापूरचा नाही, सावंतवाडीकडचा, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडचे गंजिफे गोल असतात. दशावतारी गंजिफ्यात १२० पानं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिघांनी खेळायचं तर प्रत्येकाला ४०. एवढी पानं हातात धरणं ही वेगळीच विद्या.

तुम्हाला उपयोगी पडेल अशी त्यातली गोष्ट ही की निम्म्या रंगांत पानांचा क्रम उलटा असतो. राजा-प्रधान वरच राहतात, पण खाली काही रंगांत दहा वरचढ, तर बाकीच्यांत एक वरचढ आणि दहा सगळ्यांत दुबळं. तुमच्या खेळात काळे रंग नेहमीसारखे ठेवा आणि लाल रंगांत राजा, राणी, गुलाम यांच्याखाली एक्का, मग दुर्री, तिर्री असं उतरत दश्शी तळाला. वाईट पानं आली म्हणून रडणाऱ्याला अर्धी तरी चांगली निघतात.

---

सातरस्ता
११ मे, सकाळी ९:०५

भारी आहे हे. फक्त मेंढीकोटात करू नका. लाल मेंढ्या (म्हणजे दश्श्या) तळाला गेल्या तर मेंढी वाचवायची कशी? त्याच रंगाचं कुठलंही पान तिला खाईल.

---

हुतात्मा_खिडकीजवळची
११ मे, सायं. ७:३०

लांबलचक लिहितेय, कारण आज इतिहास घडला.

दुपारी आम्ही पाच जण (आजी, आत्या, दादा, भाचा, मी) ५० पानं घेऊन बसलो आणि हात कसे लावायचे यावर वाद घालत होतो. मी तीन-तीन-दोन-एक-एक वाचून दाखवलं. दादा म्हणाला पाच-दोन-एक-एक-एक. आजी पान लावत ऐकत होती. मग म्हणाली, "काल चार-तीन-दोन-एक होतं ना? मग आज पाचव्याला शून्य."

"शून्य म्हणजे? त्याने काय करायचं?"

"काही करायचं नाही. एकही हात घ्यायचा नाही. जमतंय का बघ."

चार-तीन-दोन-एक-शून्य! बेरीज दहाच! आणि वाटणाऱ्याला शून्य, उजवीकडून चार, तीन, दोन, एक. दादा म्हणाला, वाटून वाटून रिकामा झाला तो वाटणारा.

आम्हाला वाटलं शून्य म्हणजे आराम. पहिला डाव मीच वाटला होता. हातात इस्पिक एक्का, किलवर राजा, बदाम राणी... कुठल्याही दुपारी मी नाचले असते. आता तीच पानं गळ्यात. आत्याने किलवर चौकी उतरली, माझ्याकडे किलवरात राजा एकटाच. हात माझा. सगळे टाळ्या वाजवायला लागले! हात घेतल्याबद्दल शिव्या खाल्ल्यात मी आजवर, पण टाळ्या पहिल्यांदाच. नंतर सुचलं की ज्या रंगात आपल्याकडे एकच पान आहे तो रंग धोक्याचा, आणि रंग संपला की हुकूम मारायचा नाही, उलट एक्का त्यात टाकून मोकळं व्हायचं. इस्पिक एक्का मी चौकटीच्या हातावर टाकला तेव्हा दादाच्या तोंडून आवाज निघेना.

(उलट्या लाल रंगांचा प्रयोग संध्याकाळी केला. आजीने विचारलं, "राजा तर वरच ना? मग चालेल." भाच्याला दुर्रीने नव्वी मारता येते याचा इतका आनंद झाला की तो रोज तसंच खेळू म्हणतोय. आत्या मात्र दर हाताला "लाल आहे का रे हे?" विचारत होती.)

पंख्याचं सांगायचं राहिलं. पंखा लावला की पानं उडतात, बंद केला की माणसं उडतात. शेवटी झालेल्या हातांवर आडकित्ता ठेवला.

---

पूर्वभाग
११ मे, सायं. ७:५२

आजींना साष्टांग. मी बेरीज बेरीज करत बसलो आणि शून्य डोक्यात आलंच नाही.

एक सांगा, ओढायचं कसं? शून्यवाल्याचे हात झाले तर ते "जास्त" झाले. जुन्या नियमाने त्याला पुढच्या डावात पानं ओढायला मिळणार. चुकल्याबद्दल बक्षीस?

---

हुतात्मा_खिडकीजवळची
११ मे, रात्री ८:२०

तिथेच अडलो! पहिला डाव असा संपला: आजी (चार) ५ हात, आत्या (तीन) ३, दादा (दोन) १, भाचा (एक) ०, मी (शून्य) १. म्हणजे दादा आणि भाचा एकेकाने कमी, आजी आणि मी एकेकाने जास्त.

मी निरागसपणे ओढायला हात पुढे केला, तर भाचा ओरडला, "तू हरलीस ना!" मुद्दा बरोबर. मग ठरलं की शून्याच्या बाबतीत उलटं. शून्यवाल्याने ओढायचं नाही, कमी पडलेल्याने शून्यवाल्याकडून ओढायचं. पण कमी दोघं पडलेत, मग माझ्याकडून ओढणार कोण आणि आजी ओढणार कुणाकडून? दोघांनाही माझ्याकडूनच हवं होतं. मी भाच्याला विचारलं तर तो म्हणे लहानांना आधी. आजीने तेच उचललं: ज्याचा कोटा लहान त्याचा हिशेब आधी. भाच्याने माझ्याकडून ओढलं, त्याची फिटंफाट. उरला दादा, त्याच्याकडून आजीने ओढलं.

तिने हुकमाचा राजा ओढला आणि पंजी परत दिली. इस्पिक पंजी, चौकटची नव्हे.

---

पूर्वभाग
११ मे, रात्री ८:३१

लहान कोट्याचा हिशेब आधी. लिहून ठेवतो. हे दर वेळी फिटतं बघा, कारण जास्त झालेले आणि कमी पडलेले हात शेवटी सारखेच असतात.

---

कडक_भाकरी
११ मे, रात्री ९:१०

परवा बिघडवू नका म्हणालो होतो. आज मेव्हणे आले होते, पाच जण होतो. सहज म्हणून एक डाव टाकला. दीड तास झाला. शब्द मागे घेतो.

एक भर घालतो. शून्यवाल्याने एकही हात घेतला नाही तर त्याला काय मिळतं? काहीच नाही. हे बरं नव्हे. आम्ही असं केलं, की शून्य पाळलं तर पुढच्या डावात त्याने एक पान कुणाशीही बदलायचं. ओढायचं आणि नको ते द्यायचं, नेहमीसारखं.

---

बाळीवेशीची_सून
११ मे, रात्री ९:४५

आमच्या घरचा एक नियम सांगते, सोलापूरकरांनाच कळेल. पाणी आमच्याकडे रोज येत नाही, आणि येतं ते डाव रंगात आल्यावर. नळाचा आवाज झाला की कुणीतरी उठावंच लागतं, आणि सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणून 'पाण्याचं पान' ठरवलं. जो भरायला उठेल त्याने आपली पानं न खेळणाऱ्या कुणाच्याही हाती द्यायची, आणि परत येईपर्यंत जेवढे हात कमी पडतील ते माफ. वाईट पानं आली की आमचे हे कान लावून बसतात, नळ आला का म्हणून. गेल्या आठवड्यात नळ आलाच नव्हता तरी बादली घेऊन उठले.

---

गिरणीवाला_नातू
१२ मे, दुपारी १:१५

आमचे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. तीन पाळ्या, घरात तीन भाऊ, तिघं कधीच एका वेळी घरी नसायचे. आजी सांगायची की पाच-तीन-दोनला तिसरा नसला तर तिसऱ्याची पानं पालथी मांडायची आणि त्याच्या पाळीला वरचं पान उघडायचं. रंग जुळला तर जुळला. 'झोपलेला भिडू' म्हणायचे त्याला, कारण रात्रपाळी करून तो खरंच पलीकडच्या खोलीत झोपलेला असायचा. आणि कितीदा तरी झोपलेलाच जिंकायचा.

माणसं कमी असली तर वापरून बघा. इथे तर उलटीच अडचण दिसते.

---

हुतात्मा_खिडकीजवळची
१३ मे, रात्री ८:४०

दोन बातम्या.

एक, चौकट पंजी सापडली. भिंतीतल्या कपाटाचा कागद बदलताना खालून निघाली. आता कॅटमध्ये ५२ पानं, आणि पाचांच्या खेळाला दोन काढायची. कुठली काढायची यावर वाद. आजी म्हणाली, "पंजीच काढा, तिच्याशिवाय हात बसलाय." पंजी परत कपाटात.

दोन, मोठे काका आजपर्यंत पेपर वाचत बघत होते. आज चष्मा पुसून म्हणाले, "सहा जणांचं काही निघतं का?"

---

किलवर_दुर्री
१३ मे, रात्री ८:४८

मला आत घ्याल का मग?

---

पूर्वभाग
१३ मे, रात्री ९:०३

सहा जणांना आठ-आठ, ४८ पानं. चारही दुर्र्या बाहेर (सॉरी @किलवर_दुर्री). मग पंजी मात्र परत कपाटातून काढावी लागेल. हातांची बेरीज आठ. तीन-दोन-दोन-एक झाले चौघांचे, बेरीज आठ झालीच. म्हणजे उरलेल्या दोघांना शून्य-शून्य. दोन शून्यं एकमेकांवर हात ढकलतील, मजा येईल. आजींना विचारून बघा.

---

हुतात्मा_खिडकीजवळची
१३ मे, रात्री ९:२०

विचारलं. म्हणाली, "एका डावात एकच शून्य बरं. त्याला चहा टाकायला सांग."